अठ्ठावीस दिवसांचे घन

रास अल खैमा. रात्रीचे पावणेदोन.
सायलोखाली गाड्यांची रांग
आणि बर्फाचं यंत्र बंद पडलेलं,
म्हणजे माझ्या हातात तासभर आणि फोन.

काँक्रीटात बर्फ घालतात इकडे, जुलैत,
सरबतात घालावा तसा, पण पोत्यांनी.
गावी सांगितलं तर मामी म्हणाली,
उन्हानं फिरलंय याचं.

माझं काम घन फोडायचं.
पंधरा सेंटीमीटर लांब, रुंद, उंच.
सात दिवसांनी तीन, अठ्ठावीस दिवसांनी तीन,
यंत्राच्या जबड्यात ठेवायचे,
कडाड झालं की आकडा लिहायचा.
सहा वर्षं चौकोनी वस्तूंवर जगतोय,
म्हणून तर मागच्या मंगळवारी ओरडलोच मी :
परकारचाचा, धावा,
एक जनावर चौकोनी लेंड्या टाकतं!

दाऊद परकार, खेडचे, गाडी नंबर चौदा.
रोज रात्री लॅबच्या खिडकीशी टेकतात :
"काय गावला आज?"
चहा त्यांचा, शोध माझा, असा करार.
ऑक्टोपसला तीन काळजं गावली तेव्हा म्हणाले,
एकाला दोन गोळ्या लागतात, त्याला सहा.
चंद्र दरवर्षी चार सेंटीमीटर लांब सरकतो म्हटल्यावर
बराच वेळ वर बघत राहिले.
"तरीच यंदा ईदला दिसत नव्हता."

वॉम्बॅटचा फोटो त्यांनी चष्मा पुसून पाहिला.
कुठला हा?
ऑस्ट्रेलियाचा.
आणि वाळू कुठनं येते म्हणालास परवा?
वाळवंटातली वाऱ्यानं घासून गुळगुळीत,
एकमेकीला धरतच नाही,
म्हणून बोटीनं आणतात बाहेरून,
कधी कधी ऑस्ट्रेलियातूनही, हे मीच वाचून दाखवलेलं.
चाचांनी माझ्या टेबलावरच्या सहा घनांकडे पाहिलं.
"नीट तपास हां. एखादा त्याचा असंल."

आज गोगलगाय गावली.
इजिप्तच्या वाळवंटातली, पावणेदोनशे वर्षांपूर्वीची.
लंडनच्या संग्रहालयात मेली समजून पुठ्ठ्यावर डकवली,
खाली नाव लिहिलं, कपाटात ठेवली.
चार वर्षांनी कुणाला पुठ्ठ्यावर डाग दिसला.
कोमट पाण्यात सोडली
तर बाई उठून चालायला लागल्या.

चाचा हसले नाहीत.
कागदी पेल्याची कड दातांनी चावत म्हणाले,
माझी चप्पल.
कुठली?
ड्रममध्ये सुकलेला माल फोडायला उतरलो होतो,
छिन्नी, हातोडा, डोक्याला बल्ब.
एक ढेकूळ निघालं माणसाच्या डोक्याएवढं,
त्यात निळा पट्टा.
डाव्या पायाची. चार वर्षांमागं हरवलेली.
मी पोरांवर आळ घेतला होता तिच्यापायी,
एकाशी बोलणं टाकलं होतं.
चार वर्षं ती माझ्याच पाठीमागं फिरत होती,
मी नेईन त्या साइटवर.

मग काय केलंत?
काय करणार, टाकली भरावात.
पेला चुरगाळला, गाडीकडे निघाले,
अर्ध्यातून वळून म्हणाले,
"कोमट पाणी मारून बघायला पायजे होता."

ते गेल्यावर मी शोधलं :
मिक्सर, चप्पल, चार वर्षं, जिवंत.
एवढ्या मोठ्या जगाच्या पोतडीत काहीच निघालं नाही.
फक्त तेव्हापासून फोन मला चपला दाखवतोय,
निळ्या, चाळीस टक्के सवलतीत,
जोडीनंच घ्याव्या लागतील म्हणतो.

अडीचला बर्फाचं यंत्र खोकून सुरू झालं.
चौदा नंबर भरून हलली,
ड्रम फिरतोय, आत काय काय फिरतंय
ते ड्रमलाच ठाऊक.
मी तिच्यातूनच घमेलंभर माल घेतला होता,
साच्यांत घातला, सळईनं टोचला,
वरून थापी फिरवून सपाट केला,
तारीख टाकली.

अठ्ठावीस दिवसांनी फोडीन.
आकडा कंपनीला कळवीन.
आत काय गावलं ते चाचांना.